पहिल्या गुन्ह्यानंतर तुरुंगाबाहेरची शिक्षा : सिल्वासातल्या कुटुंबांसाठी, मालकांसाठी आणि सरपंचांसाठी

पिपरियातल्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी सुटताना झडती होते. डब्याच्या पिशवीत तांब्याच्या तारेचं भेंडोळं सापडतं. सुपरवायझर पोलिसांना फोन करतो आणि वीस-एकवीस वर्षांच्या पोराचं नाव आयुष्यात पहिल्यांदा एफआयआरमध्ये चढतं. त्यानंतर घरच्यांचा सगळा जोर जामिनावर असतो. आईचे दागिने गहाण पडतात, गावाकडून पैसे मागवले जातात, जामीन होतो आणि घर निवांत होतं. पुढे वर्ष-दीड वर्ष तारखा पडत राहतात. शेवटी एक दिवस मॅजिस्ट्रेट त्याला दोषी ठरवतात आणि विचारतात, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का? पोरगा हात जोडून म्हणतो, ‘साहेब, गरीब आहे, माफ करा.’ हातात एकही कागद नसतो.

या एका प्रश्नाची तयारी कशी करावी, यासाठी हा लेख आहे. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता, त्याच्या घरात आणि कामावर ठेवून, न्यायालयाच्या नजरेखाली शिक्षा भोगू देण्याची सोय आपल्या कायद्यात पुष्कळ वर्षांपासून आहे. त्यासाठी घरच्यांनी वेळेवर आणि पुराव्यानिशी मागणी करावी लागते. सिल्वासासारख्या ठिकाणी ही तयारी जास्तच लागते. इथला निम्म्याहून अधिक मूळ समाज आदिवासी आहे, कारखान्यांतले बरेच कामगार परप्रांतातून आलेले आहेत, आणि कागदांच्या बाबतीत दोघेही उघडे पडतात.

सर्वांत जुनी आणि सर्वांत उपयोगाची सोय म्हणजे परिवीक्षा, कोर्टातल्या बोलीत ‘प्रोबेशन’. मुंबई प्रांताने यासाठी १९३८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. देशपातळीवरचा अपराधी परिवीक्षा कायदा १९५८ चा. त्याच्या कलम ३ नुसार साधी चोरी, नोकराने केलेली चोरी, फसवणूक अशा गुन्ह्यांत किंवा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, आधी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाला न्यायालय समज देऊन सोडू शकतं. कलम ४ याहून मोठं आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, अशा कुठल्याही गुन्ह्यात न्यायालय शिक्षा न ठोठावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. या काळात परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेखही लावता येते. कलम ५ नुसार ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायचा आदेश सोबत होऊ शकतो, आणि फिर्यादीचा विरोध मावळायला बऱ्याचदा त्याचाच उपयोग होतो.

जवळपास अशीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०१ मध्ये आहे. एकवीस वर्षांवरच्या पुरुषाला सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत तिचा लाभ मिळतो. बाईला, तिचं वय काहीही असो, आणि एकवीस वर्षांखालच्या कोणालाही, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून इतर सर्व गुन्ह्यांत. मुख्य अट ही, की आधी दोषी ठरलेलं नसावं. वकिलांना अर्जात या दोन्ही कायद्यांचा उल्लेख करायला सांगा. कुठला लावायचा ते न्यायालय ठरवेल. कलम ४०२ तर असं सांगतं की परिवीक्षा देता येण्यासारखी असताना न्यायालयाने ती दिली नाही, तर निकालात त्याची खास कारणं लिहावी लागतात. अर्ज लेखी असावा तो यासाठीच. तोंडी विनंती हवेत विरते. लेखी अर्ज फेटाळला गेला तर कारण नोंदवलं जातं आणि त्या कारणावर सिल्वासाच्या सत्र न्यायालयात, पुढे मुंबई उच्च न्यायालयात बोलता येतं. परिवीक्षेचा आदेश वरचं न्यायालयही देऊ शकतं. १९६४-६५ च्या सुमारास रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हेच स्पष्ट केलं. खालच्या कोर्टात मागायचं राहून गेलं असेल तरी अपिलात मागा.

वयाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण तिथे बरीच कुटुंबं फसतात. १९५८ च्या कायद्याचं कलम ६ एकवीस वर्षांखालच्या मुलांना खास संरक्षण देतं. जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर अशा मुलाला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि तरीही तुरुंगच का, हे लिहावं लागतं. पण वय कुठल्या दिवशीचं धरायचं? सर्वोच्च न्यायालयाने १९६२-६३ मध्ये रामजी मिस्सर खटल्यात सांगितलं आहे की खालचं न्यायालय दोषी ठरवून शिक्षेचा विचार करतं त्या दिवशीचं. गुन्हा घडला तेव्हा मुलगा वीस वर्षांचा होता आणि निकाल लागेपर्यंत बावीसचा झाला, तर कलम ६ हातचं गेलं. त्यामुळे पोरगा वीसच्या आसपास असेल तर उगाच तारखा वाढवून घेऊ नका आणि शाळा सोडल्याचा दाखला पहिल्याच महिन्यात वकिलाकडे द्या. खानवेल, दुधनीकडच्या पाड्यांवरच्या काही मुलांच्या आधार कार्डावर जन्मतारीख म्हणून १ जानेवारी पडलेली असते. शाळेच्या रजिस्टरमधली तारीख वेगळी असेल तर तिची नक्कल काढा.

आता मुख्य अडचणीकडे येतो, कारण सिल्वासात गाडी इथेच अडते. परिवीक्षेसाठी न्यायालयाची एका बाबतीत खात्री पटावी लागते : अपराध्याला किंवा त्याच्या जामीनदाराला राहायचं ठरलेलं ठिकाण किंवा नियमित काम आहे का? मसाट, आमळी, नरोली, रखोली इथल्या चाळींमधल्या खोल्या डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत पाच-सहा जण, दिवसपाळीवाले रात्री झोपणार, रात्रपाळीवाले दिवसा. भाडं रोख, करारनामा नाही, लाईटबिल चाळमालकाच्या नावावर. काम कारखान्यात, पण पगार ठेकेदाराच्या हातून, आणि गुन्हा दाखल झाला की ठेकेदार त्याच दिवशी नाव कापतो. अशा माणसाला कोर्टात ‘ठरलेलं ठिकाण’ आणि ‘नियमित काम’ दाखवायचं तरी कसं?

यावर वाट आहे. कायद्याचे शब्द असे आहेत की हे ठिकाण त्या न्यायालयाच्या हद्दीत असावं, किंवा बंधपत्राच्या मुदतीत तो माणूस जिथे राहण्याची शक्यता आहे तिथे असावं. म्हणजे तलासरीचा, जव्हारचा, धरमपूरचा किंवा थेट बिहारमधला मुलगा आपल्या गावाचा पत्ता देऊ शकतो. गावच्या घराची घरपट्टीची पावती, वडिलांचं रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि गावात काम देणाऱ्याचं पत्र एवढं जमलं तर वकिलांना बोलायला भक्कम आधार मिळतो. इथेच राहायचं असेल तर चाळमालकाकडून साध्या कागदावर लिहून घ्या, की हा इसम अमुक तारखेपासून माझ्या अमुक नंबरच्या खोलीत राहतो आणि पुढेही राहू देण्यास माझी हरकत नाही. चाळमालक घाबरतात. त्यांना समजावून सांगा की हे पत्र म्हणजे जामीन नव्हे, यात पैशाची कुठलीही जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. जामीनदार मिळत नसेल तर कायद्याने जामीनदाराशिवायचं बंधपत्रही चालतं. ते मागायला लाजू नका.

परिवीक्षा अधिकारी चौकशीला येतो तेव्हा काय होतं, याची लोकांना उगाच धास्ती असते. तो घर पाहतो, कमावणारे किती आणि खाणारे किती ते विचारतो, दारूचं, जुगाराचं, संगतीचं विचारतो, शेजाऱ्यांशी बोलतो, शक्य झालं तर ज्याचं नुकसान झालं त्याच्याशीही बोलतो. शेजाऱ्यांना पढवून ठेवू नका. पाच जणांनी एकच पाठ केलेलं वाक्य म्हटलं की ते पाचही जण खोटे ठरतात. पोरगा पितो हे खरं असेल तर पितो म्हणा, आणि सोडवण्यासाठी काय करतोय ते सांगा. विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखवलं असेल तर केसपेपर पुढे ठेवा. अधिकारी सकाळी अकराला आला आणि पोरगा रात्रपाळी करून झोपलेला असेल तर त्याला उठवा, आळशी दिसेल म्हणून लपवू नका, पाळीचं कार्ड दाखवा. हा अहवाल गोपनीय असतो. तरी त्यातला मुख्य भाग न्यायालय अपराध्याला कळवू शकतं आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी देऊ शकतं. काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर तेव्हा बोला.

आपल्यासारख्या लहान केंद्रशासित प्रदेशात असे अधिकारी मोजकेच असणार. म्हणून कायद्यातली एक कमी वापरली जाणारी तरतूद सांगतो. अपवादात्मक परिस्थितीत न्यायालय योग्य वाटेल अशा कुठल्याही व्यक्तीला परिवीक्षा अधिकारी म्हणून काम देऊ शकतं. पाड्यावरच्या निवृत्त शिक्षकाने किंवा सामाजिक संस्थेच्या कार्यकर्त्याने लेखी तयारी दाखवली तर वकील ते न्यायालयापुढे ठेवू शकतात. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी यासाठी पुढे यावं असं मला मनापासून वाटतं. महिन्यातून एकदा एका पोराच्या घरी जाऊन बसायचं आणि खरं ते लिहायचं, एवढंच हे काम आहे.

बंधपत्रावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी ते आपल्या भाषेत वाचून घ्या. वारली, कोकणा, धोडिया, गुजराती, मराठी, हिंदी, जी कळते ती भाषा. अटी साध्या असतात, पण मोडल्या तर परिणाम मोठा होतो. न्यायालय वॉरंट काढू शकतं आणि मूळ गुन्ह्याची राहून गेलेली शिक्षा तेव्हा सुनावू शकतं. अटी मोडतात त्या बहुतेक वेळा वाईट हेतूने नव्हे. छठला कामगार महिनाभर गावी जातो, किंवा दिवाळीनंतर आपल्याकडचं एखादं कुटुंब वीटभट्टीवर निघतं, आणि हजेरीच्या दिवशी पोरगा फार लांब असतो. जायचं असेल तर आधी अधिकाऱ्याला सांगा, गरज असेल तर न्यायालयाची परवानगी घ्या आणि परवानगीचा कागद जवळ ठेवा.

परिवीक्षेचा आणखी एक फायदा फार थोड्यांना माहीत असतो. १९५८ च्या कायद्यानुसार ज्याला समज देऊन किंवा परिवीक्षेवर सोडलं, त्याला दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. पण सरकारी नोकर असेल तर खात्याची वेगळी कारवाई त्याने थांबेलच असं समजू नका, आणि पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर विचारलेली माहिती लपवू नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ४ मध्ये सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदाच आली. समाजाच्या उपयोगी पडेल असं काम न्यायालयाच्या आदेशाने करायचं आणि त्याचा मोबदला मिळणार नाही, एवढी तिची व्याख्या. ती फक्त सहा गुन्ह्यांना लागू आहे. सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणं, न्यायालयाच्या जाहीरनाम्यानंतरही हजर न होणं, सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणं, पाच हजारांच्या आतली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी दंगा, आणि बदनामी. १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याला ही शिक्षा मागता येत नाही. तिथे परिवीक्षाच मागावी लागते.

यातल्या चोरीच्या तरतुदीचे शब्द ठाम आहेत. मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू परत केली किंवा तिची किंमत भरली, तर त्याला सामुदायिक सेवेचीच शिक्षा व्हावी असं कायदा म्हणतो. म्हणून पंचनाम्यात लिहिलेली किंमत फार महत्त्वाची. चार वर्षं वापरलेल्या, काच तडकलेल्या मोबाइलची किंमत पंचनाम्यात नव्यासारखी आठ हजार पडली तर सगळा लाभ गेला. मुद्देमालाच्या यादीची नक्कल लवकर मिळवा, वस्तूचं वर्ष आणि अवस्था पाहा, आणि किंमत चुकीची असेल तर वकिलांकरवी वेळीच हरकत घ्या. शिवाय पाच हजारांखालची चोरी ही अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटक करता येत नाही.

पण सुरुवातीला सांगितलेल्या कारखान्याच्या गेटवरच्या प्रकरणात ही तरतूद आपोआप लागत नाही. ती फक्त कलम ३०३(२) मधल्या साध्या चोरीला आहे. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली की कलम ३०६ लागतं, आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. राहत्या घरातून किंवा वाहनातून केलेली चोरी कलम ३०५ मध्ये जाते, हातातून मोबाइल हिसकावणं कलम ३०४ मध्ये. दोनशे रुपयांची तार असो की दोन हजारांची, कामगारावर सहसा ३०६ लागतं. अशा वेळी वकिलांना दोन गोष्टी विचारा. एक, पोरगा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असेल तर तो कारखान्याचा ‘नोकर’ ठरतो का? हा मुद्दा लढवण्यासारखा आहे. दुसरी, ३०६ राहिलंच तरी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेमुळे परिवीक्षेची वाट उघडी आहे, तिचा अर्ज तयार आहे का?

दारूच्या प्रकरणांबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आपल्याकडे नाही, आणि वापी अगदी जवळ आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी बाहेरून पिण्यासाठी येणाऱ्यांची गर्दी इथे असते. सार्वजनिक ठिकाणी पिऊन त्रास दिला तर कलम ३५५ : चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा सामुदायिक सेवा. पण पिऊन गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याखालचा वेगळा गुन्हा आहे आणि बाटली घेऊन गुजरातच्या हद्दीत शिरलात तर तिथला दारूबंदी कायदा लागतो. त्यांना हे कलम ३५५ झाकत नाही.

संहितेत सामुदायिक सेवेचे तास, जागा, देखरेख यांचा तपशील दिलेला नाही. म्हणून आदेश मोघम राहू देऊ नका. वकिलांनी न्यायालयापुढे ठोस प्रस्ताव ठेवावा : कुठल्या सरकारी रुग्णालयात, शाळेत, बागेत किंवा पंचायतीत काम, आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती तास, हजेरी कोण घेणार, पूर्ण झाल्याचा दाखला कोण देणार. जिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात तिथे सुट्टीचा दिवस मागा, नाहीतर सेवा पूर्ण करता करता रोजगार जाईल. सेवा केली नाही तर त्याबदली कैद भोगावी लागू शकते. आणि हे काम सार्वजनिकच असावं. कुणा खासगी मालकाच्या शेडमध्ये फुकट राबवून घेणं म्हणजे सामुदायिक सेवा नव्हे, तसा प्रकार झाला तर न्यायालयाच्या नजरेला आणा.

ज्या संस्थेकडे असा माणूस येईल तिच्या प्रमुखांना माझी विनंती आहे. त्याला झाडू, हातमोजे, पाणी तुमच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यासारखंच द्या. त्याच्या गळ्यात पाटी अडकवू नका, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. शिक्षा कामाची झाली आहे, अपमानाची झालेली नाही. हजेरी मात्र चोख ठेवा. एक तास आला आणि चार तास मांडले, असं झालं की न्यायालयाचा पुढच्या दहा जणांवरचा विश्वास उडतो.

मे २०२४ मध्ये पुण्यात मोटारीखाली दोन तरुण जीव गेले आणि अल्पवयीन चालकाला बाल न्याय मंडळाने जामिनासोबत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो संताप रास्त होता. पण तेव्हापासून ‘तुरुंगाऐवजी काही’ म्हटलं की लोकांना तो निबंध आठवतो, आणि त्याची किंमत दोनशे रुपयांच्या तारेसाठी पकडलेला पोरगा मोजतो. गंभीर हानी झालेल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालय स्वतःच कडक आहे. दलबीर सिंग खटल्यात २००० साली त्याने सांगितलं की बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्याला परिवीक्षेचा लाभ सहजी देऊ नये. बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार, खून यांसाठी या वाटा नाहीत आणि नसाव्यात. अठरा वर्षांखालच्या मुलांचा विचार वेगळ्या कायद्याने, बाल न्याय मंडळापुढे होतो. तिथे एका मॅजिस्ट्रेटसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि समुपदेशन, सामुदायिक सेवा, परिवीक्षा असे आदेश होऊ शकतात. मुलगा अठराच्या आतला असेल तर पोलीस ठाण्यातच तसं सांगा आणि वयाचा पुरावा द्या.

अमली पदार्थांच्या प्रकरणात परिवीक्षेचा साधा नियम बहुतांश चालत नाही. मात्र व्यसनी माणूस स्वतःच्या सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगताना दोषी ठरला, तर त्या कायद्याच्या कलम ३९ नुसार न्यायालय त्याच्या संमतीने त्याला उपचारासाठी सोडू शकतं.

खटला निकालापर्यंत न नेण्याचे मार्गही आहेत. साधी मारहाण, साधी चोरी असे काही गुन्हे फिर्यादीच्या संमतीने मिटवता येतात. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५९ त्यासाठी आहे आणि लोक अदालतीत ते सोपं होतं. आपल्या पाड्यांवर पंच बसवून मिटवायची जुनी रीत आहे, आणि शेताच्या बांधावरून, कोंबड्या-बकऱ्यांवरून झालेल्या भांडणात ती चांगली चालते. पण गुन्हा नोंदला गेल्यावर पंचांपुढची तडजोड पुरत नाही, ती न्यायालयात नोंदवून घ्यावीच लागते. आणि बाईवरच्या अत्याचाराचं प्रकरण पंचांनी दंड घेऊन मिटवणं हा त्या बाईवरचा दुसरा अन्याय आहे. तिथे पंचांनी बाजूला व्हावं. दुसरा मार्ग प्ली बार्गेनिंगचा, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत. गुन्हा कबूल करून, फिर्यादीला भरपाई देऊन, कमी शिक्षेवर किंवा थेट परिवीक्षेवर प्रकरण संपू शकतं. अर्ज आरोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत करावा लागतो. बायका-मुलांवरच्या गुन्ह्यांना हा मार्ग बंद आहे. पण कबुली देण्यापूर्वी वकिलाशी दोनदा बोला. जे केलंच नाही ते लवकर सुटण्यासाठी कबूल करू नका.

जामीनच झाला नसेल आणि माणूस सब-जेलमध्ये कच्चा कैदी म्हणून बसला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चा हिशेब करा. आधी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. कलम ३०६ ला सात वर्षं, म्हणजे दोन वर्षं चार महिने. जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर एकाहून जास्त खटले आहेत त्याला हे लागू नाही. असा अर्ज करणं हे तुरुंगाच्या अधीक्षकांचं कर्तव्य आहे, आणि २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुन्या कायद्याखालच्या प्रकरणांनाही ते लागू होतं. पैशाअभावी जामीन अडला असेल तर केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी सहाय्य योजनेत जामिनासाठी आणि दंडासाठी मदत मिळू शकते. २०२२ च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि दर चारांतले तीन कच्चे कैदी होते. क्षमतेच्या १३१ टक्के गर्दी होती. तारचोराला तिथे कुठल्या संगतीत बसवलं जातं, याचा विचार फिर्याद देणाऱ्या मालकानेही करावा.

मालकांना एवढंच सांगतो. चोरी झाली तर फिर्याद द्या, तो तुमचा हक्क आहे. पण माल परत मिळाला असेल आणि पोरगा पहिल्यांदाच चुकला असेल, तर न्यायालयात परिवीक्षेला हरकत नाही असं लिहून देण्याने तुमचं काही जात नाही. शक्य असेल तर दुसऱ्या खात्यात पुन्हा कामावर घ्या. ‘नियमित काम’ हे शब्द तुमच्या लेटरहेडवर आले की न्यायालयाचा निम्मा प्रश्न सुटतो.

असा विश्वास टाकणं आपल्या माणसांना नवं नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनीअर मॉरिस फ्रीडमन यांनी गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीविना, शेतावर, पुढे बायका-मुलांसह राहू दिलं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावरून आला. सांगली जिल्ह्यातली ती वसाहत पुढे महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याखाली चालू राहिली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कच्च्या कैद्यांसाठी आणि सुटलेल्यांसाठी काम करतो आहे. सिल्वासातली एखादी संस्था असं काही उभं करू पाहत असेल, तर तिने तिथे जाऊन शिकावं.

वकिलाच्या फीची चिंता करत बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार आदिवासी, दलित, स्त्रिया, मुलं, दिव्यांग, कोठडीतली माणसं आणि औद्योगिक कामगार यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, यांतल्या बहुतेकांना उत्पन्नाची अटही नाही. सिल्वासातली बहुतेक कुटुंबं यांतल्या कुठल्या ना कुठल्या वर्गात बसतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. पहिल्याच भेटीत वकिलांना सांगा की निर्दोष सुटण्यासाठी लढायचंच आहे, पण दोषी ठरलो तर परिवीक्षेचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा आहे. मग एक फाइल करा : वयाचा दाखला, राहण्याचा पुरावा, कामाचं पत्र, सरपंचांचं पत्र, वस्तू परत केल्याची किंवा भरपाईची पावती, उपचाराचे कागद. ती फाइल निकालाच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी वकिलाच्या हातात पोचली पाहिजे.